घरच्या मीडिया सर्व्हरला किती टीबी लागतात? आधी पाहण्याची नोंद, मग डिस्क

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईवडील सांगलीला राहतात आणि प्रश्नकर्ते नोकरीनिमित्त पुण्यात आहेत. घरी मराठी चित्रपट आणि नाटके मिळून व्हीसीडीवरची सुमारे १५० शीर्षके, ८० डीव्हीडी, लग्नामुंजीच्या काही सीडी आणि घरच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या वीसेक मिनीडीव्ही कॅसेट आहेत. हे सारे एका ठिकाणी आणून आईवडिलांना टीव्हीवर आणि स्वतःला पुण्यात पाहता यावे, अशी इच्छा आहे. त्यासाठी चार डिस्कांचा एनएएस (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) विकत घ्यावा की घरातला जुना लॅपटॉप वापरावा, सर्व्हरचे सॉफ्टवेअर म्हणून प्लेक्स बसवावे की जेलीफिन, आणि एकंदर किती टीबी (टेराबाइट, म्हणजे सुमारे हजार जीबी) जागा लागेल, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. जाताजाता त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे: ‘वर्षभर जमवतो आहे, पण पाहणे मात्र होत नाही.’

माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे, आणि वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच निघतात. मी बरीच वर्षे स्वतःच्या घरी असा सर्व्हर चालवतो आणि नातेवाइकांकडे व परिचितांकडेही बसवून देतो. कोणी यंत्राबद्दल विचारू लागले की मी त्यांना आधी विचारतो, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या घरात काय काय पाहिले गेले, कोणी पाहिले, कोणत्या पडद्यावर पाहिले आणि कोणते अर्ध्यावर सोडले. या नोंदीवरून डिस्कचा आकार, प्रोसेसरची ताकद, फायलींचे स्वरूप आणि पहिल्या पानावर काय दिसावे हे सगळे ठरवता येते. संग्रहावरून हे ठरवू गेले तर यंत्र नेहमी गरजेपेक्षा मोठे घेतले जाते आणि वापर मात्र आहे तेवढाच राहतो.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचा टीव्ही कोणत्या प्रणालीवर चालतो, लॅपटॉपचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, सांगलीच्या घरी इंटरनेट कसे आहे आणि रिमोट मुख्यतः कोणाच्या हातात असतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. जिथे यामुळे उत्तर बदलते तिथे तसे सांगतो.

आधी टीबींचा हिशेब करू, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि बहुतेक लोक तोच करत नाहीत. व्हीसीडीवरील चित्र एमपीईजी-१ पद्धतीचे, ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते. चित्राचा वेग सेकंदाला ११५० किलोबिट आणि ध्वनीचा २२४ किलोबिट. म्हणजे एका तासाला ६२० एमबीच्या आसपास जागा लागते आणि अडीच तासांचा चित्रपट साधारण दीड जीबीत बसतो. १५० शीर्षकांचे २२५ जीबी झाले. डीव्हीडी एका थराची असेल तर ४.७ जीबी आणि दोन थरांची असेल तर ८.५ जीबी मावते. सरासरी ६ जीबी धरली तर ८० डीव्हीडींचे ४८० जीबी होतात. मिनीडीव्हीचे मूळ चित्रण तासाला १३ जीबी जागा घेते. एक तासाच्या वीस कॅसेटचे २६० जीबी. लग्नामुंजीच्या सीडी धरूनही बेरीज एका टीबीच्या आसपास येते, आणि तीही एकही फाईल लहान न करता. चार डिस्कांच्या पेटीत १६ टीबी भरून ठेवण्याचे कारण या संग्रहात कुठेच नाही. पुढे फोनवरचे कौटुंबिक चित्रणही इथेच आणायचे असेल, तर फोरके चित्रण तासाला १० जीबी किंवा अधिक जागा घेते हे लक्षात घेऊन ४ टीबीची डिस्क घ्यावी. नाहीतर २ टीबी पुरेल.

आता पाहण्याच्या नोंदीकडे येतो. जेलीफिनसाठी ‘प्लेबॅक रिपोर्टिंग’ नावाचे एक जोडसाधन आहे. कोणत्या खात्यावरून, कोणत्या उपकरणावर, काय आणि किती वेळ पाहिले, मूळ फाईल जशीच्या तशी गेली की सर्व्हरला तिचे रूपांतर करावे लागले, हे सारे ते नोंदवते. माझ्या घरच्या गेल्या काही महिन्यांच्या नोंदीत ठळकपणे दिसते ते असे की, नवे आणलेले फार थोडे पाहिले जाते आणि जुने पुन्हा पुन्हा पाहिले जाते. नाटके एका बैठकीत क्वचितच संपतात. कौटुंबिक चित्रण वर्षभर पडून असते आणि पाहुणे आले की एका संध्याकाळी तासन्‌तास चालते. कृष्णधवल चित्रपट दुपारच्या जेवणानंतर अर्धा अर्धा तास असे तुकड्यांनी पाहिले जातात. यातील प्रत्येक सवयीमुळे माझ्या सर्व्हरच्या मांडणीत काहीतरी बदलले आहे, आणि तेच तुमच्या उपयोगी पडेल असे वाटते.

उदाहरण म्हणून नुकताच पुन्हा पाहिलेला ‘कुंकू’ घ्या. व्ही. शांताराम यांचा हा १९३७ चा प्रभातचा चित्रपट. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाचे ठोके आणि घरातले, रस्त्यावरचे साधे आवाज यांवरच प्रसंग उभे राहतात. आमच्या टीव्हीत संवाद स्पष्ट करणारी ध्वनिसुविधा चालू होती आणि हे बारीक आवाज इतके मागे गेले होते की चित्रपट मुका झाल्यासारखा वाटत होता. ती सुविधा बंद केल्यावर घड्याळ परत आले. माहितीपटांसाठी आणि बातम्यांसाठी ती सुविधा चांगली आहे, पण अशा चित्रपटांचा तिने जीवच जातो. या एका पाहण्यावरून मी जुन्या चित्रपटांसाठी दोन नियम कायम केले. मूळ ध्वनी पुन्हा दाबून लहान करायचा नाही, तो फाईलमध्ये जसाच्या तसा ठेवायचा. आणि टीव्हीची चित्र-ध्वनीची ‘सुधारणा’ करणारी सर्व बटणे त्या जोडणीपुरती बंद करायची. त्याच फेरीत पडद्याचा आकारही तपासावा. त्या काळचे चित्रपट जवळजवळ चौकोनी, चारास तीन या प्रमाणाच्या जवळचे असतात, आणि बऱ्याच घरांत टीव्ही ते ताणून सोळास नऊ करतो. मग सगळी माणसे आडवी, बुटकी दिसतात आणि काही दिवसांनी डोळ्यांना तेच खरे वाटू लागते. टीव्हीत ‘मूळ प्रमाण’ या अर्थाचा पर्याय असतो, तो निवडावा.

याच कारणाने फायली दाबून लहान करण्याच्या मोहात पडू नये असे मी सुचवतो. हँडब्रेकसारखे साधन घेऊन सगळ्या डीव्हीडी एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात बदलल्या तर जागा निम्म्याहून कमी लागेल हे खरे. पण वर केलेल्या हिशेबात वाचणारी जागा तीनशे जीबीची आहे, म्हणजे तुमच्या डिस्कचा एक कोपरा. त्या बदल्यात जुन्या फिल्मचे कण पुसले जातात, कारण दाबणाऱ्या प्रणालीला ते कण म्हणजे निरुपयोगी गोंगाट वाटतो, आणि कणांबरोबर चेहऱ्यावरचे बारकावेही जातात. डीव्हीडी एमकेव्ही या वेष्टनात जशीच्या तशी उतरवावी, व्हीसीडीचेही तसेच. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने व्हीसीडीचे चित्र मोठे व तीक्ष्ण करून देणारी साधने निघाली आहेत. हौस म्हणून एखादा प्रसंग करून पाहायला हरकत नाही, परंतु त्यातून निघणारे गुळगुळीत चेहरे मूळ फाईलच्या जागी कधीही ठेवू नयेत.

व्हीसीडी उतरवताना एक तांत्रिक अडचण येते, ती आधीच माहीत असलेली बरी. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली बरीच जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीच्या चित्रभागात हीच राखीव जागा माहितीसाठी वापरून प्रत्येक खंडात २३२४ बाइट भरलेले असतात. त्यामुळे एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपास चित्र मावते, पण ओरखड्याला तोंड देण्याची क्षमता कमी होते. म्हणूनच व्हीसीडीवरची मोठी डॅट फाईल नुसती ओढून डिस्कवर टाकू गेले की थोडीशी खराब चकतीही अर्ध्यावर अडते. लिनक्सवर ‘व्हीसीडीइमेजर’ या संचातील साधन व्हीसीडीची रचना ओळखून फाईल काढते, ते वापरावे. डीव्हीडीच्या खराब चकतीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ चांगले, कारण ते वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अवघड भागाकडे नंतर पुन्हा पुन्हा वळते. व्हीसीडीच्या चित्रभागासाठी मात्र ते योग्य नाही. एका ड्राइव्हवर न वाचली जाणारी चकती दुसऱ्या ड्राइव्हवर सहज वाचली जाते, असा अनुभव वारंवार येतो, म्हणून हाताशी दोन वेगवेगळ्या बनावटीचे ड्राइव्ह असावेत.

नाटकांकडे थोडे अधिक लक्ष द्या, कारण तुमच्या आईवडिलांकडून तीच सर्वांत जास्त पाहिली जातील असा माझा कयास आहे. व्हीसीडीवर नाटक दोन किंवा तीन चकत्यांत विभागलेले असते आणि चकती जिथे भरली तिथे प्रवेशाच्या मध्येच तुटते. जेलीफिनला अशा भागांना सलग समजण्याची सोय आहे. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने फायली ठेवून शेवटी भागाचा क्रमांक ठरलेल्या पद्धतीने लिहिला की ते एकामागून एक लागतात. तरीही मी एमकेव्हीटूलनिक्स वापरून सगळे भाग एका फाईलमध्ये जोडतो आणि प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला प्रकरणाची खूण घालतो. त्याने गुणवत्तेत काहीच फरक पडत नाही आणि काम काही मिनिटांचे असते. फायदा असा की आज पहिला अंक पाहून झोपलेल्या माणसाला उद्या रिमोटचे एक बटण दाबून थेट दुसऱ्या अंकावर जाता येते. माझ्या नोंदीत अर्ध्यावर सोडलेली नाटके या बदलानंतर पूर्ण होऊ लागली.

नाटकांसाठी लायब्ररी मात्र वेगळी करावी आणि तिचा प्रकार ‘चित्रपट’ न ठेवता ‘घरचे व्हिडिओ’ असा ठेवावा. चित्रपटाचा प्रकार निवडला की सर्व्हर प्रत्येक फाईलचे नाव टीएमडीबी या माहितीकोशात शोधतो. नाटकाची नोंद तिथे बहुधा नसते, मग त्याच नावाचा कोणता तरी भलताच चित्रपट त्याला सापडतो आणि आजोबांच्या आवडत्या फार्सवर एखाद्या परदेशी भयपटाचे भित्तिचित्र चिकटते. घरच्या व्हिडिओंच्या प्रकारात असा शोध होत नाही. फोल्डरमध्ये व्हीसीडीच्या वेष्टनाचे छायाचित्र ठेवले की तेच दिसते, आणि घरच्यांना ते वेष्टन ओळखीचे असल्यामुळे अधिक सोयीचे पडते.

चित्रपटांच्या नावाबाबतचा नियम सगळीकडे सांगितला जातो, तो म्हणजे नावापुढे कंसात वर्ष लिहिणे. मराठीत तो का पाळायचा याचे उत्तम कारण ‘श्यामची आई’ आहे. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट, ज्याला पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि याच नावाचा २०२३ चा चित्रपट, हे दोन्ही संग्रहात असतील तर वर्षाशिवाय सर्व्हरला ते वेगळे कळण्याची शक्यता नाही. दुसरा घोळ प्रभातच्या द्वैभाषिकांचा होतो. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या जोड्या पाहून काही जण एकाच चित्रात दोन भाषांचे ध्वनिमार्ग घालू पाहतात. तसे करता येत नाही, कारण ही भाषांतरित ध्वनीची चित्रे नसून दोन्ही भाषांत वेगळी चित्रित झालेली कामे आहेत. १९४१ च्या ‘शेजारी’त गजानन जागीरदारांबरोबर केशवराव दाते आहेत, तर ‘पडोसी’त मझहर खान. त्यांना दोन स्वतंत्र चित्रपट म्हणून ठेवावे आणि हवे तर एका संग्रहात शेजारी शेजारी मांडावे. लागोपाठ दोन संध्याकाळी ही जोडी पाहण्यासारखी आहे, एवढे विषयाला धरूनच सांगतो.

लायब्ररीची माहितीभाषा मराठी निवडता येते, परंतु बऱ्याच चित्रपटांचा मराठी सारांश माहितीकोशात नसल्यामुळे इंग्रजी मजकूर दिसत राहतो. जे चित्रपट घरात खरोखर पाहिले जातात तेवढ्यांचे शीर्षक आणि दोन ओळींची ओळख मराठीत स्वतः लिहून त्या नोंदीला कुलूप लावावे, म्हणजे पुढच्या तपासणीत ती बदलली जाणार नाही. सगळ्या २३० शीर्षकांसाठी हे करत बसू नका. नोंदीत जी नावे वर येतील त्यांच्यापासून सुरुवात करा. टीव्हीच्या रिमोटने देवनागरीत टंकन करणे हे ज्येष्ठांना जवळजवळ अशक्य असते, म्हणून शोधाच्या सोयीवर विसंबू नये. आईवडिलांच्या नावाने वेगळे, शक्यतो पासवर्ड नसलेले खाते करावे, त्यात फक्त त्यांच्या उपयोगाच्या लायब्ऱ्या दिसू द्याव्यात, आणि चित्रपट, नाटके, घरचे अशा तीनच ठळक पेट्या ठेवाव्यात. ‘पुढे चालू’ ही ओळ सर्वांत वर असावी. आमच्याकडे ज्येष्ठांचे निम्म्याहून अधिक पाहणे त्याच एका ओळीतून होते.

प्लेक्स की जेलीफिन याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला स्रोत (प्रोग्रामचा मूळ मजकूर) सर्वांसाठी बंद केल्यावर त्याच्या खुल्या आवृत्तीतून जेलीफिन वेगळे निघाले. ते पूर्णपणे विनामूल्य आहे आणि हार्डवेअरच्या मदतीने रूपांतर करण्याची सोयही त्यात मोफत मिळते. प्लेक्समध्ये ती सोय सशुल्क आहे, आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचा संग्रह पाहण्यासाठीही पैसे द्यावे लागतात. प्लेक्सची टीव्हीवरची मांडणी अधिक घोटीव आहे हे मान्य करायला हवे. पण तुमच्या आईवडिलांच्या घरी इंटरनेट बंद पडले तरी घरातल्या घरात चित्रपट लागला पाहिजे, आणि जेलीफिनला त्यासाठी बाहेरच्या कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. अँड्रॉइड टीव्ही असेल तर जेलीफिनचे अ‍ॅप सरळ मिळते. टीव्ही दुसऱ्या प्रणालीचा असेल तर आधी त्याच्या अ‍ॅप दुकानात शोधून पाहा; न मिळाल्यास एखादी अँड्रॉइडवर चालणारी स्टिक लावणे हा कमी कटकटीचा मार्ग.

यंत्राबाबत माझे मत जुन्या लॅपटॉपच्या बाजूने आहे, मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली अट प्रोसेसरची. टीव्हीला फाईलचे स्वरूप समजले तर सर्व्हरला काहीच करावे लागत नाही, तो नुसती फाईल पुरवतो. समजले नाही तर त्याला चालू चित्रपटाचे तत्क्षणी रूपांतर करावे लागते, आणि व्हीसीडी-डीव्हीडीच्या जुन्या स्वरूपांबाबत, विशेषतः ब्राउझरमध्ये पाहताना, हे नेहमी होते. मात्र चित्र लहान असल्यामुळे हे काम हलके असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यासाठी ‘क्विक सिंक’ नावाची वेगळी यंत्रणा २०११ पासून आहे आणि तुमच्या संग्रहासाठी तेवढी पुरते. फोनवरचे दहा बिटांचे एचईव्हीसी चित्रण असेल तर सातव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर असावा. लॅपटॉप त्याहून जुना निघाला तर इंटेल एन१०० वर चालणारा छोटा पीसी घ्यावा. तो हे सगळे अगदी कमी विजेत करतो. दुसरी अट बॅटरीची. सतत जोडून ठेवलेली बॅटरी फुगू शकते, म्हणून चार्ज ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय लॅपटॉपमध्ये असेल तर ती चालू करावी आणि महिन्यातून एकदा लॅपटॉप उचलून खालची बाजू तपासायला घरी कोणाला तरी सांगून ठेवावे. बॅटरी फुगलेली दिसली तर ती काढून टाकल्याशिवाय तो लॅपटॉप चालवू नये. चांगल्या बॅटरीचा लाभ असा की वीज गेली तरी सर्व्हर धाडकन बंद होत नाही. राऊटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घेतला की पाहण्यात खंडही पडत नाही.

विजेचा हिशेबही करून पाहा. सरासरी १० वॉट घेणारे यंत्र वर्षभर अखंड चालले तर सुमारे ८८ युनिट होतात. चार डिस्कांचा एनएएस ३५ वॉट घेतो असे धरले तर ३०७ युनिट, आणि जुना डेस्कटॉप ६० वॉट घेत असेल तर ५२६ युनिट. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढत असल्यामुळे हे जादा युनिट तुमच्या बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यात पडतात. एनएएस वाईट आहे असे मी म्हणत नाही. चारपाच जण एकाच वेळी पाहणारे असतील, संग्रह दहा टीबींच्या पुढे गेला असेल, किंवा घरातल्या सर्वांच्या संगणकांच्या प्रतीही तिथेच ठेवायच्या असतील तर तो घ्यावा. तुम्ही वर्णन केलेल्या घराला त्याची गरज दिसत नाही.

एनएएसच्या बाजूने नेहमी दिले जाणारे कारण सुरक्षिततेचे असते, म्हणून त्याविषयी. रेडमुळे, म्हणजे एकाच पेटीतल्या अनेक डिस्का मिळून माहिती राखण्याच्या पद्धतीमुळे, एक डिस्क बिघडली तरी चित्रपट चालू राहतो. चुकून पुसलेली फाईल, जळालेला वीजपुरवठा, चोरी आणि पूर यांपासून मात्र त्याने रक्षण होत नाही. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत, त्यामुळे एकाच पेटीतल्या चार डिस्का ही एकच प्रत आहे हे तुम्हाला मी वेगळे पटवून द्यायला नको. यंत्र वरच्या मजल्यावर ठेवावे आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी.

आणि इथेच तुमचा पुण्यात पाहण्याचा प्रश्नही सुटतो. बहुतेक जण सांगलीचा सर्व्हर बाहेरून कसा उघडायचा याच्या मागे लागतात. अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे राऊटरमध्ये दार उघडूनही बाहेरून आत येता येत नाही. टेलस्केल किंवा वायरगार्डच्या मदतीने खासगी बोगदा करून यातून वाट निघते, आणि देखभालीसाठी तो हवाच. पण संग्रह जर एका टीबीचा आहे, तर त्याची दुसरी प्रत पुण्यात तुमच्याच घरी ठेवा आणि तिच्यावर दुसरे जेलीफिन चालवा. पहिली प्रत डिस्कवर हातोहात न्यावी. नंतरची भर सिंकथिंग किंवा आरसिंक हे फायली जुळवणारे साधन रात्री बोगद्यातून आणेल. सिंकथिंग वापरत असाल तर पुण्याच्या बाजूला जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू करा, नाहीतर सांगलीत पुसलेली फाईल पुण्यातूनही पुसली जाईल. कोण कुठपर्यंत पाहून थांबले ही नोंद दोन सर्व्हरांत एक होत नाही. माझ्या मते ती न झालेलीच बरी, कारण तुमचे पाहणे आणि त्यांचे पाहणे वेगळे आहे. कौटुंबिक चित्रणाची मात्र तिसरी प्रतही करावी, मग ती क्लाउडवर असो वा बंद करून कपाटात ठेवलेल्या डिस्कवर.

कायद्याबद्दल मोजकेच लिहितो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराला मोकळीक आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडण्याला शिक्षा सांगते. स्वतः विकत घेतलेल्या चकत्या स्वतःच्या घरात पाहण्यापुरत्या उतरवणे आणि त्या सर्व्हरची किल्ली मित्रमंडळींना वाटणे यांत मोठे अंतर आहे; दुसऱ्या गोष्टीपासून दूर राहावे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे वर उल्लेखिलेल्या प्रभातपटांची चित्रपट म्हणून मुदत संपलेली आहे. त्यांतील कथा, गीते यांचे हक्क मात्र ज्याच्या त्याच्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजले जातात.

आता कामाचा क्रम. तुम्ही बहुधा डीव्हीडींपासून सुरुवात केली असेल, कारण त्या सोप्या आहेत. माझा आग्रह आहे की त्या सर्वांत शेवटी घ्याव्यात. कंपनीने छापलेल्या चकत्या नीट ठेवल्या तर बराच काळ टिकतात. लग्नामुंजीच्या सीडी मात्र स्टुडिओने कोऱ्या सीडीवर लिहून दिलेल्या असतात; त्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो थर उतरत जातो. त्यावर कागदी लेबल चिकटवलेले असेल तर ते सोलून काढायला जाऊ नये, कारण त्याबरोबर वरचा परावर्तक थरही निघून येतो. त्या सीडी या आठवड्यातच उतरवा. त्यांच्या पाठोपाठ मिनीडीव्ही कॅसेट. त्यांची अडचण फितीपेक्षा ती वाचणाऱ्या कॅमेऱ्याची आहे: चालू स्थितीतला कॅमेरा आणि फायरवायर या जुन्या प्रकारची जोडणी असलेला संगणक या दोन्ही गोष्टी आता दुर्मिळ होत चालल्या आहेत. कॅमेरा चालत असेल तर जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचे कार्ड बसवून मूळ डीव्ही फाईल घ्यावी. पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या तारांनी स्वस्त यूएसबी साधनातून घेतली तर डिजिटल चित्रण आधी अ‍ॅनालॉग होते आणि मग पुन्हा डिजिटल, त्यात विनाकारण हानी होते. हे चित्रण सेकंदाला ५० अर्धचित्रांचे (एकाआड एक ओळींच्या चित्रांचे) असते, म्हणून टीव्हीसाठी वेगळी प्रत करताना ५० पूर्ण चित्रे ठेवावीत. २५ वर आणले तर नाचणारी, धावणारी मुले तुटक दिसतात. मूळ डीव्ही फाईल तशीच जपावी.

हे होईपर्यंत नवे काही जमवू नका आणि जेलीफिनवर नोंदीचे साधन आजच चालू करा, भले त्यात सध्या दहाच नाटके असोत. तीन महिन्यांनी ती नोंद पाहून उरलेल्या चकत्यांचा क्रम लावता येईल. ज्यांना कोणी विचारलेच नाही त्या चकत्या कोरड्या खोक्यात, उभ्या, उन्हापासून दूर ठेवून दिल्या तरी चालतील. टीव्हीचे मॉडेल, लॅपटॉपचा प्रोसेसर आणि कॅमेरा अजून चालतो की नाही एवढे कळवलेत, तर कोणते अ‍ॅप वापरावे आणि रूपांतरासाठी कोणते पर्याय चालू करावेत हे नेमके सांगता येईल.